विद्यापीठातील विंड बँडचा अभिजात रचनांचा कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील विद्यापीठांत मुले शिकू लागली, की काही मराठी घरांना एक अनपेक्षित निमंत्रण येते : शुक्रवारी संध्याकाळी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे, या. कार्यक्रमपत्रिकेत होल्स्ट, व्हॉन विल्यम्स, ग्रेंजर, हुसा अशी संगीतकारांची नावे असतात आणि मग माझ्याकडे प्रश्न येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विंड बँड म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या लग्नातल्या बँडसारखाच असतो का?

वाद्ये बरीचशी तीच, काम मात्र वेगळे. विंड बँड म्हणजे फुंकून वाजवायच्या, आपल्या शास्त्राच्या भाषेत सुषिर, वाद्यांचा मोठा ताफा आणि त्याला तालवाद्यांची जोड. बासरी, तिचा छोटा, उंच स्वराचा भाऊ पिकोलो, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि सॅक्सोफोन ही एक फळी, तिला लाकडी वाद्ये म्हणतात. ट्रंपेट, कॉर्नेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्युबा ही दुसरी, पितळी वाद्यांची. वरातीतल्या बँडमध्ये आपण पाहिलेली क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि युफोनियम येथेही भेटतात, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण दोघांचे मूळ लष्करी बँडमध्ये आहे. ब्रिटिश पलटणींबरोबर ही वाद्ये भारतात आली आणि पुढे वरातीत शिरली. मात्र वरातीचा बँड उघड्यावर, चालत, लोकांना माहीत असलेल्या गाण्यांच्या चाली वाजवतो. विद्यापीठाचा बँड सभागृहात बसून, समोर स्वरलिपी ठेवून, संचालकाच्या हाताकडे पाहत वाजवतो.

२. ऑर्केस्ट्रा आणि बँड यांत फरक काय? व्हायोलिने नसतात एवढाच का?

व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो नसतात हे खरे. डबल बास मात्र अनेकदा असतो. पण कानाला जाणवणारा खरा फरक श्वासाचा आहे. गज ओढून वाजवणाऱ्याला स्वर हवा तितका वेळ धरता येतो, फुंकणाऱ्याला दम संपतो. म्हणून बँडमध्ये लांबलचक स्वर आला, की शेजारी बसलेले वादक आपापसांत ठरवून वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो, प्रत्यक्षात तो चार-पाच जणांनी हातोहात पुढे नेलेला असतो. संथ रचना चालू असताना क्लॅरिनेटच्या रांगेतील खांद्यांकडे लक्ष ठेवले, तर ते एकत्र उचलले जात नाहीत, हे स्पष्ट दिसते.

३. विंड एन्सेम्बल, सिम्फनिक बँड, कॉन्सर्ट बँड, मार्चिंग बँड : एकाच विद्यापीठात इतकी नावे कशाला?

मार्चिंग बँड फुटबॉलच्या मैदानावरचा, त्याचा या कार्यक्रमाशी संबंध नाही. कॉन्सर्ट बँड आणि सिम्फनिक बँड हे मोठे संच. त्यांत एकच ओळ अनेक जण मिळून वाजवतात. विंड एन्सेम्बल ही कल्पना अमेरिकी बँडसंचालक फ्रेडरिक फेनेल यांची. १९५१ च्या अखेरीस हेपटायटिसमुळे ते रुग्णालयात पडून होते आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी मनाशी मांडणी केली, की प्रत्येक ओळीला शक्यतो एकच वादक असावा, म्हणजे पोत स्वच्छ राहील आणि रचनेच्या गरजेप्रमाणे संच लहानमोठा करता येईल. १९५२ मध्ये रॉचेस्टर येथील ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी तो संच उभा केला. आज बहुतेक विद्यापीठांत निवडचाचणीतून सर्वांत वर आलेल्यांचा विंड एन्सेम्बल आणि त्याखालोखाल एक किंवा दोन बँड अशी उतरंड असते. खालच्या बँडचा कार्यक्रम कमी प्रतीचा असतो, असे मात्र समजू नये. ज्या रचना या पानावर आल्या आहेत, त्यांतल्या कित्येक मला दुसऱ्या क्रमांकाच्या बँडकडूनच अधिक आवडल्या आहेत.

४. कार्यक्रम “अभिजात” म्हणतात आणि रचना पाहिल्या तर १९०९ पासूनच्या. मोझार्ट आणि बेथोव्हेन कुठे गेले?

येथे “अभिजात” म्हणजे बँडच्या स्वतःच्या वाङ्मयातील पायाभूत रचना. अठराव्या शतकातील काळाचे नाव म्हणून तो शब्द वापरलेला नाही. सुषिर वाद्यांसाठी त्याआधीही मोठे काम झाले होते. १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमधील आतषबाजीसाठी हँडेल यांनी लिहिलेल्या संगीतात २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रंपेट आणि ९ हॉर्न मागितले होते. मोझार्ट यांची “ग्रान पार्तिता” ही १३ वादकांची सात भागांची सेरेनेड तर आजही विद्यापीठांत मानाने वाजते. बेर्लिओझ यांनी १८४० मध्ये लष्करी बँडसाठी एक संपूर्ण सिंफनी लिहिली. पण ही एकेकटी शिखरे होती. बँड मात्र रोजच्या रोज ऑर्केस्ट्राच्या रचनांची रूपांतरे, ऑपेरातील सुरावटी आणि मार्च, म्हणजे पावलांच्या तालावरच्या रचना, यांवर जगत होता.

बँड हेच मुख्य वाद्य समजून, गंभीर संगीतकारांनी लागोपाठ लिहिण्याची परंपरा विसाव्या शतकात सुरू झाली. गुस्ताव होल्स्ट यांचे ई-फ्लॅटमधील पहिले सुइट, म्हणजे छोट्या भागांची रचना, १९०९ चे, दुसरे १९११ चे. राल्फ व्हॉन विल्यम्स यांचे इंग्लिश लोकगीतांवरील सुइट १९२३ चे. पर्सी ग्रेंजर यांची “लिंकनशायर पोझी” १९३७ ची. दारियुस मियो यांचे “सुइट फ्रान्सेझ” दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचे. पॉल हिंडेमिट यांची बी-फ्लॅटमधील सिंफनी १९५१ ची, जी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराच्या बँडने स्वतः हिंडेमिट यांच्या संचालनाखाली प्रथम वाजवली. व्हिन्सेंट पर्सिकेटी यांची बँडसाठीची सिंफनी १९५६ ची. पत्रिकेत यांपैकी तीन-चार नावे असली, की तो कार्यक्रम अभिजात रचनांचा समजावा.

५. पहिल्यांदाच जाणार आहे. एकच रचना आधी ऐकून जायची, तर कोणती?

होल्स्ट यांचे पहिले सुइट. जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे आहे आणि एकदा नीट कळले, की बाकीचा कार्यक्रम कसा ऐकावा हेही कळते.

पहिल्या भागाचे नाव शकोन. त्यात तीन मात्रांच्या चालीतील आठ बारची, म्हणजे आठ आवर्तनांची, एक ओळ पुन्हा पुन्हा येते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा स्थिर राहतो आणि त्यावर कायदे-रेले चढत जातात, तशीच ही रचना आहे. फरक इतकाच, की येथे लेहराच कधी ट्युबाकडे, कधी ट्रॉम्बोनकडे, तर कधी वरच्या लाकडी वाद्यांकडे फिरत राहतो. सुरुवात ट्युबा आणि युफोनियम या सर्वांत खालच्या वाद्यांनी, हलक्या आवाजात होते. हार्मोनियमवर काळी दोनचा षड्ज धरावा आणि सा, रे, व तेथून एकदम वर ध वाजवावा. ओळीचे पहिले तीन स्वर हेच. मध्यावर होल्स्ट ही ओळ उलटी करतात, म्हणजे जेथे स्वर चढत होते तेथे तितकेच उतरतात, आणि सगळ्या सभागृहावर ढग आल्यासारखे होते. मग ती पुन्हा सरळ होते आणि हळूहळू पूर्ण बँड तिच्यावर चढतो. पुढचे दोन भाग, इंटरमेझो आणि मार्च, याच तीन स्वरांतून निघाले आहेत. मार्चमधील पितळी वाद्यांची ऐटदार चाल ऐकताना शकोनची उलटी ओळ ओळखू आली, तर ऐकण्याची निम्मी तयारी झाली म्हणावे.

६. होल्स्ट यांना संस्कृत येत होते, असे वाचले. मग या सुइटमध्ये भारतीय संगीत आहे का?

पहिली गोष्ट खरी, दुसरी नाही. होल्स्ट यांनी लंडनमध्ये मेबल बोड यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः इंग्रजीत रूपांतर करून ती समूहगानासाठी बांधली आणि महाभारतातील कथेवर “सावित्री” हा छोटा ऑपेरा लिहिला. ऋग्वेदाच्या सूक्तांचे काम आणि ही दोन सुइट्स साधारण त्याच वर्षांतील आहेत. तरीही सुइट्समध्ये राग शोधू नये. पहिल्यातील सुरावट त्यांची स्वतःची आहे आणि दुसरे संपूर्णपणे इंग्लिश लोकगीतांवर उभे आहे. त्यांनी तरुणपणी पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवला होता, ही माहिती बँडच्या संदर्भात मला अधिक उपयोगाची वाटते, कारण पितळी वाद्याला कोणता स्वर कोठे सोपा जातो याची जाण त्यांच्या प्रत्येक ओळीत आहे.

७. टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

रचना पूर्ण झाल्यावर. तिच्या भागांमध्ये नाही. पत्रिकेत एका रचनेखाली तीन किंवा सहा भागांची नावे छापलेली असतात, ती मोजत राहावे. खात्री नसेल तर संचालकाचे हात खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबावे. आपल्याकडे समेवर दाद देण्याची सवय असल्याने हे अवघड जाते, हे मी अनुभवाने जाणतो. होल्स्ट यांच्या पहिल्या सुइटच्या बाबतीत तर संगीतकाराचीच सूचना आहे, की तिन्ही भाग एकाच ओळीवर आधारलेले असल्याने ते खंड न पाडता वाजवावेत. अपवाद मार्चचा, त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

८. सुरुवातीला सगळे मिळून एक स्वर लावतात, तो कोणता? ऑर्केस्ट्रात वेगळा असतो का?

ऑर्केस्ट्रा ए म्हणजे पांढरी सहा लावतो, कारण व्हायोलिन कुटुंबातील सर्व वाद्यांना त्या स्वराची मोकळी तार असते. बँडमधील नेहमीची क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही वाद्ये बी-फ्लॅटची, म्हणजे काळी पाचची. म्हणून बँड सहसा बी-फ्लॅट लावतो, काही संचालक दोन्ही स्वर घेतात. मंचावर वाद्ये तापली, की स्वर थोडे चढतात आणि थंडीत उतरतात. त्यामुळे हिवाळ्यात बाहेरून आलेली ट्युबा काही वेळ तशीच मांडीवर ठेवलेली दिसली, तर वादक आळशी आहे असे समजू नये.

९. “लिंकनशायर पोझी”च्या एका भागात वादक एकमेकांना सोडून वाजवत आहेत असे वाटले. चूक झाली होती का?

बहुधा नाही. तो भाग “लॉर्ड मेलबर्न” असावा. पर्सी ग्रेंजर १९०५ आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात हिंडून लोकगीते गोळा करत होते, आणि १९०६ मध्ये त्यांनी फोनोग्राफ हे त्या काळचे ध्वनिमुद्रणाचे यंत्रही बरोबर नेले. यंत्रावर गाणी पुन्हा पुन्हा ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आले, की खेड्यातील म्हातारे गायक ताल चुकत नाहीत. एखादा शब्द महत्त्वाचा वाटला की ते तो ओढतात, एखादा गिळतात आणि प्रत्येक कडव्यात हे वेगळे घडते. जात्यावर ओवी म्हणणारी बाई शेवटचे अक्षर जात्याच्या फेऱ्याप्रमाणे ओढते, तिला कोणी बेताल म्हणत नाही, तसेच हे. इतर संग्राहकांनी अशी गाणी सरळ करून छापली. ग्रेंजर यांनी ती वाकडीच ठेवली आणि बँडकडून तसेच गाऊन घेतले. “लॉर्ड मेलबर्न”मध्ये काही ठिकाणी ठरलेली मात्रागणनाच नाही. संचालक त्याच्या मनाने एकेक ठोका देतो आणि चाळीस-पन्नास वादक त्यावर झेप घेतात. “रफर्ड पार्क पोचर्स” या भागात मात्रा मोजलेल्या आहेत, पण जवळजवळ प्रत्येक बारमध्ये बदलतात.

सहा भागांची ही रचना मार्च १९३७ मध्ये मिलवॉकी येथे अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनच्या अधिवेशनात प्रथम सादर झाली, तेव्हा काही भाग वादकांना झेपले नाहीत म्हणून वगळावे लागले. शिवाय छापील प्रतींत चुका इतक्या होत्या, की फेनेल यांनी १९८७ मध्ये शुद्ध आवृत्ती काढेपर्यंत अनेक बँड पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या प्रतींवरच वाजवत होते. त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणात चूक ऐकू आली, तर ती खरोखरच चूक असण्याची शक्यता आहे. माझ्या मते बँडच्या संपूर्ण वाङ्मयात याहून मोठी रचना नाही, आणि तिचा दुसरा भाग, “हॉर्कस्टो ग्रेंज”, केवळ चाळीसेक बारचा असूनही मी त्यासाठी तास-दीड तास गाडी चालवत गेलो आहे.

१०. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेले संगीत बँडने वाजवणे म्हणजे उसने घेणे नव्हे का?

पूर्वी तसेच होते आणि त्यात कमीपणाही नव्हता. इलिनॉय विद्यापीठात ऑस्टिन हार्डिंग यांनी १९०५ पासून चार दशकांहून अधिक काळ बँड घडवला तो प्रामुख्याने अशा रूपांतरांवर. ध्वनिमुद्रिका दुर्मीळ असताना छोट्या गावातील लोकांना मोठ्या सिंफनी बँडमुळेच ऐकायला मिळत. आजही वाग्नर यांच्या “लोहेनग्रिन” या ऑपेरामधील एल्साच्या मिरवणुकीचे लुसिएन कायए यांनी केलेले रूपांतर अभिजात कार्यक्रमात हमखास येते, कारण तो संथ चढाव सुषिर वाद्यांवर मूळ रचनेइतकाच शोभतो. रूपांतर चांगले की वाईट, हे ओळखायची माझी खूण सोपी आहे : व्हायोलिनांची आठवण झाली, तर ते फसले.

११. “म्युझिक फॉर प्राग १९६८” ऐकून आमची लहान मुलगी घाबरली. अशी रचना अभिजात कशी?

घाबरणे योग्यच आहे, ती रचना त्यासाठीच आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालील फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, तेव्हा प्रागमध्ये जन्मलेले कारेल हुसा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी काही आठवड्यांत लिहिलेली ही रचना जानेवारी १९६९ मध्ये इथाका कॉलेजच्या बँडने वॉशिंग्टनमध्ये प्रथम वाजवली. सुरुवातीचा एकटा पिकोलो म्हणजे स्वातंत्र्याचा पक्षी. त्याखाली पंधराव्या शतकातील हुसाइट या चेक धर्मपंथाच्या योद्ध्यांचे गीत टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्यावर अगदी हलके ऐकू येते. घंटांचे नाद शेकडो मनोऱ्यांच्या त्या शहराचे. तिसरा भाग केवळ तालवाद्यांचा आहे. शेवटी ते गीत पूर्ण बँड एकसुरात वाजवतो, तेही अपुरेच. हुसा यांना ही रचना प्रत्यक्ष प्रागमध्ये सादर करता आली ती १९९० मध्ये. सात-आठ वर्षांखालील मुलांना न्यायचे असेल, तर पत्रिकेत हे नाव आहे का हे आधी पाहावे आणि त्या वेळी बाहेरच्या दालनात बसावे.

१२. एका रचनेत आमचा मुलगा वाजवत होता, पुढच्या रचनेत मंचावरच नव्हता. त्याला काढले का?

नाही. प्रत्येक रचनेला लागणारा संच वेगळा असतो. मोझार्टच्या १३ वादकांच्या सेरेनेडला सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्युबा लागतच नाहीत. शिवाय एकाच विभागातील मुख्य जागा रचनेगणिक आलटूनपालटून दिली जाते. दोन रचनांमध्ये खुर्च्या सरकवल्या जातात तो वेळही यासाठीच.

१३. वादक मधूनच वाद्य उलटे करून जमिनीवर पाणी सांडतात. ती थुंकी असते का?

बहुतांश नसते. गरम श्वासातील वाफ थंड पितळेवर निवते आणि नळीत पाणी साचते. ते काढले नाही, तर स्वर गुरगुरतो. त्यासाठी नळीला एक छोटी झडप असते. फ्रेंच हॉर्नला नळीची वेटोळी इतकी असतात, की वादक ते हातात गोल फिरवून पाणी एका टोकाला आणतो. पहिल्या रांगेतील तिकीट घेणाऱ्यांनी हे गृहीत धरावे.

१४. मुलगी अभियांत्रिकी शिकते, संगीत नाही. तिला या बँडमध्ये जाता येईल का?

बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत येते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात निवडचाचणी असते. तीत तयार केलेला एखादा उतारा, स्वरश्रेणी आणि समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणे असे तीन भाग सहसा असतात. तिसऱ्या भागात आपली मुले अडखळतात, कारण घरी सराव झालेला असतो तो पाठ केलेल्या रचनेचा. सर्वोच्च संचात संगीताच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते, पण बाकीच्या बँडमध्ये निम्म्याहून अधिक मुले इतर शाखांची दिसणे नवलाचे नाही. मोठी वाद्ये बहुधा विद्यापीठच वापरायला देते. ओबो आणि बसून वाजवणाऱ्यांना पत्तीचा खर्च मात्र स्वतः करावा लागतो. आपल्या सनईप्रमाणे त्यांची पत्तीही दुहेरी असते, आणि तितकीच लहरी.

१५. शेवटी एखादा मार्च का वाजवतात, आणि पिकोलोवाले उठून पुढे का येतात?

मार्च ही बँडची मूळ भाकरी, ती वाढल्याशिवाय पंगत उठत नाही. जॉन फिलिप सूसा यांचा १८९६ चा “स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर” सर्वांत जास्त वाजतो. १९८७ पासून तो अमेरिकेचा अधिकृत राष्ट्रीय मार्च आहे. त्यात उत्तरार्धात पिकोलोची एक चपळ ओळ मुख्य सुरावटीवरून धावते, आणि शेवटच्या फेरीत पिकोलोवाल्यांनी मंचाच्या कडेला उभे राहून वाजवण्याचा रिवाज आहे. येथे लोक तालावर टाळ्या धरतात आणि कोणी रागावत नाही.

१६. तिकीट, कपडे, उशीर, चित्रीकरण?

विद्यार्थ्यांच्या बँडचे कित्येक कार्यक्रम विनामूल्य असतात. असले तरी जागा आधी नोंदवावी लागते का हे पाहावे. श्रोत्यांना कपड्यांचे बंधन नाही. उशीर झाल्यास रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबवतात आणि हुज्जत घालून उपयोग नसतो; एका सभागृहात मी स्वतः अकरा मिनिटे बंद दाराआडून होल्स्ट ऐकला आहे. चित्रीकरण बहुतेक ठिकाणी वर्ज्य असते, कारण नव्या रचनांचे हक्क राखीव असतात आणि समोरचा मोबाइलचा उजळलेला पडदा वादकांना टोचतो. भारतातील आजी-आजोबांसाठी थेट प्रक्षेपणाचा दुवा संगीत विभागाच्या संकेतस्थळावर अनेकदा असतो. भारतात कार्यक्रमाची वेळ दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा सकाळी येते.

१७. आमची मुलगी ट्युबा वाजवते. घरी सराव करताना नुसते “पं, पं” ऐकू येते. कार्यक्रमात तिचे वेगळे असे काही ऐकू येईल का?

ऑर्केस्ट्रात ट्युबा एकच आणि तीही बराच वेळ गप्प. बँडमध्ये ती संपूर्ण इमारतीचा पाया आहे. होल्स्ट यांचे पहिले सुइट तिच्यापासूनच सुरू होते, ते प्रश्न ५ मध्ये आलेच आहे. पत्रिकेत त्यांचे दुसरे सुइट असेल, तर शेवटचा भाग नीट ऐकावा. “डार्गसन” ही गोल गोल फिरणारी नाचाची चाल त्यात सतत चालू असते आणि तिच्यावर मध्येच “ग्रीनस्लीव्ह्ज” हे जुने गीत येऊन बसते. अखेरीस एकेक वाद्य गळत जाते, आवाज बारीक होत जातो आणि उरतात दोघेच : सर्वांत वर पिकोलो, सर्वांत खाली ट्युबा, मधली सगळी जागा मोकळी. काही क्षण ते दोघे एकमेकांना उत्तरे देतात, आणि मग पूर्ण बँडचा एकच ठणठणीत स्वर येतो. त्या वेळी डाव्या-उजव्या कोपऱ्यात मागे पाहावे. ट्युबाच्या रुंद तोंडामागे आपली मुलगी दिसेलच असे नाही, पण ऐकू ती येईल.